पक्षी घरी आणताना आणि आणल्यानंतर

प्रश्न : आमची दहा वर्षांची मुलगी बोलणारा पोपट हवा म्हणून हट्ट धरून बसली आहे. माझे सासरे सांगतात की, त्यांच्या लहानपणी गावात घरोघरी पिंजऱ्यात राघू असे. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि फ्लॅट दोन खोल्यांचा आहे. कोणता पक्षी घ्यावा आणि घेताना काय पाहावे?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : आपल्या सासऱ्यांच्या लहानपणी जे सर्रास चालत असे, तो आज गुन्हा आहे. गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला आपला राघू, त्याहून मोठा करण पोपट आणि लाल डोक्याचा तुईया हे तिन्ही पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. राघू पकडणे, विकणे किंवा घरात बाळगणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी बाजारात चोरून विकली जाणारी पिल्ले येतात कोठून, हे मुलीला अवश्य सांगावे. हिवाळा संपता संपता राघूंची वीण सुरू होते आणि पुरती पिसे फुटण्याआधीच पिल्ले ढोलीतून काढून, टोपल्यांत दाटीवाटीने भरून शहरात आणली जातात. त्यांतील कित्येक वाटेतच मरतात. दहा वर्षांच्या मुलीला हे समजते, असा माझा अनुभव आहे.

आफ्रिकन ग्रे हा करड्या रंगाचा परदेशी पोपट बोलण्यात फार हुशार असतो, पण आपल्या घरासाठी मी त्याची शिफारस करणार नाही. तो चाळीस-पन्नास वर्षे जगू शकतो आणि दिवसभर एकटा राहिला तर स्वतःचीच पिसे उपटू लागतो. शिवाय २०१७ पासून तो वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या 'साइटिस' कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते.

आपल्यासाठी योग्य पक्षी म्हणजे बजरीगर हा छोटा पोपट. आपल्याकडची दुकाने त्याला लव्हबर्ड म्हणून विकतात. खरा लव्हबर्ड हा आफ्रिकेतला, अधिक जाड चोचीचा पक्षी असून तो बजरीगरच्या पायांची बोटे चावून तोडू शकतो, म्हणून हे दोन पक्षी एका पिंजऱ्यात ठेवू नयेत. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या त्याची पैदास माणसाच्या घरी होत आली आहे, त्यामुळे तो विकत घेतल्याने कोणाचे रान ओस पडत नाही. वजन तीस ते चाळीस ग्रॅम असते आणि नीट सांभाळल्यास तो सात-आठ वर्षे जगतो. मुलीची बोलण्याची हौसही भागू शकते, कारण नर बजरीगर शब्द उचलतो. कॅलिफोर्नियातील 'पक' नावाच्या बजरीगरचा १,७२८ शब्दांचा शब्दसंग्रह गिनीज बुकात नोंदलेला आहे. मात्र प्रत्येक नर बोलतोच असे नाही आणि बोलला नाही तरी तो घरात हवा असेल, तरच आणावा.

आपण दोघे दिवसभर बाहेर असता, म्हणून एकटा पक्षी न घेता दोन नर घ्यावेत. ते सहसा गुण्यागोविंदाने राहतात आणि अंड्यांचा प्रश्न उद्भवत नाही. सोबत असलेला पक्षी माणसाचे शब्द कमी उचलतो हे खरे, पण त्याच्या एकटेपणापेक्षा ते पत्करलेले बरे. चोचीच्या वर नाकपुड्यांभोवती जो मांसल पट्टा असतो, तो प्रौढ नरात निळा आणि मादीत तपकिरी किंवा पांढुरका असतो. पूर्ण पांढऱ्या आणि पिवळ्या जातींत मात्र नराचाही पट्टा गुलाबी-जांभळा राहतो. तीन-चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाच्या कपाळावरील आडव्या रेघा थेट चोचीपर्यंत आलेल्या असतात आणि डोळा पूर्ण काळा दिसतो. याच वयाचा पक्षी माणसाळतो.

दुकानात गेल्यावर लगेच पिंजऱ्याजवळ जाऊ नये. पाच मिनिटे दूर उभे राहून पाहावे, कारण कोणी जवळ आले की आजारी पक्षीही अंग सावरून ताठ बसतो. पिसे फुगवून, डोळे मिटून बसलेला, श्वासागणिक शेपटी खालीवर करणारा किंवा शेपटीखालची पिसे विष्ठेने चिकटलेली असलेला पक्षी दयेपोटीसुद्धा घेऊ नये. चोचीच्या कडेला भुरकट, सच्छिद्र खपली दिसल्यास ती खरजेच्या किड्यांची असते. हा आजार बरा होतो, पण तो पक्षी घरी आणण्याआधी उपचार व्हायला हवेत.

पिंजरा उंच नको, लांब हवा, कारण बजरीगर आडवा उडतो. गोल पिंजरा दिसायला सुरेख असला तरी त्यात पक्ष्याला आसऱ्याचा कोपरा मिळत नाही. गजांमधील अंतर बारा मिलिमीटरहून अधिक नसावे. दुकानातील एकसारख्या जाडीच्या प्लॅस्टिक दांड्यांनी तळव्यांना फोड येतात, म्हणून पेरूच्या वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या स्वच्छ धुऊन लावाव्यात. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकलेली असावी आणि पक्षी बाहेर सोडताना छताचा पंखा न चुकता बंद करावा.

स्वयंपाकघरात पिंजरा कदापि ठेवू नये. रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर राहून फार तापला की त्याच्या लेपातून निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरतो. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि श्वास आत जाताना व बाहेर येताना, दोन्ही वेळा ताजी हवा फुप्फुसातून जाते. हीच रचना विषारी वायूही तितक्याच झपाट्याने शोषून घेते. अगरबत्ती, धूप आणि डासांची कॉइल यांसाठीही हाच नियम लागू आहे. देवघर आणि पिंजरा एका खोलीत नसावेत.

प्रश्न : आमच्या लव्हबर्डच्या जोडीला दुकानदाराने दिलेले मडके पिंजऱ्यात कायम टांगलेले असते. मादीने एकामागून एक चार वेळा अंडी घातली. दोघेही सूर्यफुलाच्या बियांखेरीज काही खात नाहीत. दोन दिवसांपासून मादी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसते.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, असे आपल्याला फोनवर कळवले होते. इतर वाचकांसाठी कारण सविस्तर देतो. ही जोडी लव्हबर्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या बजरीगरचीच आहे, असे धरून सांगतो. तळाशी बसून कुंथणाऱ्या मादीच्या पोटात बहुधा अंडे अडकलेले असते आणि अशा मादीकडे काही तासच असतात. डॉक्टरांकडे नेताना पेटी उबदार ठेवावी. पोट दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न घरी कोणीही करू नये, कारण आत अंडे फुटले तर मादी वाचणे कठीण होते.

मादी दर दिवसाआड एक याप्रमाणे चार ते सहा अंडी घालते आणि प्रत्येक अंड्याचे कवच तिच्या शरीरातील कॅल्शियममधून बनते. मडके दिसत राहिले आणि खुराक भरपूर असला की तिचे शरीर थांबत नाही. तेव्हा ती बरी झाल्यावर मडके काढून टाकावे, संध्याकाळी लवकर पिंजरा झाकून तिला बारा तासांची रात्र मिळू द्यावी आणि कॅल्शियमसाठी चोचीने कुरतडायला समुद्रफेस कायम टांगलेला असावा. पुढे कधी तिने पिंजऱ्याच्या तळाशी अंडी घातलीच, तर ती लगेच उचलू नयेत. उचलली की भरपाई म्हणून ती आणखी घालते. उकळून गार केलेली अंडी परत ठेवावीत आणि तिचे तिलाच कंटाळून उठू द्यावे.

सूर्यफुलाच्या बियांत तेल फार असते आणि 'अ' जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. त्यामुळे यकृतावर चरबी साठते आणि नाकातोंडाची आतली त्वचा दुबळी होऊन संसर्ग होतो. या बिया एकदम बंद न करता दोन-तीन आठवड्यांत कमी कराव्यात आणि त्यांची जागा राळे, वरी आणि बाजरीने घ्यावी. सकाळी पक्षी भुकेला असतो. त्या वेळी धान्याच्या आधी कोथिंबीर, मेथी किंवा शेवग्याचा ओला पाला पिंजऱ्याच्या गजात खोवून द्यावा. गाजराचा कीस आणि हिरवी मिरचीही चालते, कारण पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा लागत नाही. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कांदा आणि खारवलेले पदार्थ वर्ज्य.

वाटीकडे रोज नीट पाहावे. बजरीगर दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो, त्यामुळे संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते आणि वरवर पाहणाऱ्याला वाटते की खाणे शिल्लक आहे. हलकी फुंकर मारली की टरफले उडतात आणि खाली कधी चार दाणे असतात, कधी काहीच नसते. दाणे संपलेले समजले नाहीत म्हणून भरल्या वाटीपुढे उपाशी राहिलेले पक्षी माझ्याकडे आलेले आहेत, आणि हे मरण टाळण्यासारखे असल्याने त्याचे दुःख अधिक होते. आठवड्यातून एकदा ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजनही करावे. पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्याचे वजन तीन-चार ग्रॅमने घटले, तर तो खेळता-बोलता दिसत असला तरी डॉक्टरांकडे न्यावा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत वाऱ्याने फांदी मोडून राघूचे पिल्लू खाली पडले. आम्ही त्याला दूध-पोळी भरवत आहोत. जगले तर पाळता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पाळता येणार नाही आणि दूध-पोळी आजच बंद करावी, कारण पक्ष्यांना दूध पचत नाही. चोचीत पाण्याचे थेंबही सोडू नयेत. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड असल्याने पाणी सरळ फुप्फुसात उतरते. पिल्लाच्या अंगावर पुरती पिसे आलेली असतील आणि जखम नसेल, तर त्याला त्याच झाडाच्या आडव्या फांदीवर, मांजराच्या आवाक्याबाहेर ठेवून लांबून लक्ष ठेवावे. आईबाप भरवायला येतात, माणसाचा हात लागला म्हणून ते पिल्लू टाकत नाहीत. पिसे नसतील किंवा रक्त दिसत असेल, तर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती कापड अंथरून ते अंधाऱ्या, उबदार जागी ठेवावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.