आत्ता टपवाली घे

बाळ,

तुझा मेसेज वाचला, फोटो पण चार-पाचदा बघितले. जुन्या ब्रिटिश एमजी कंपनीच्या दोन स्पोर्ट्स कार, एक लाल एमजीबी रोडस्टर, कापडी हुडवाली, आणि एक पांढरी एमजीबी जीटी, पक्क्या टपाची, दोन्ही 1970 च्या आसपासच्या, आणि तू विचारतेयस की काका कुठली घेऊ. फोनवर सांगायला बसलो असतो तर मधेच तुझी मीटिंग आली असती म्हणून लिहितोय.

जीटी घे.

आता का ते सांगतो. एमजीबीला जीपसारखी वेगळी चासी नाही, सगळा पत्रा मिळूनच गाडीचा सांगाडा होतो, आणि रोडस्टरला वर टपच नाही म्हटल्यावर पुढचा भाग आणि मागचा भाग धरून ठेवायचा बराचसा भार दाराखालच्या सिलवर, म्हणजे तिथल्या पत्र्याच्या लांब पोकळ पट्टीवर येतो, आणि नेमका तोच भाग चिखल-पाणी साठून आतून कुजतो, बाहेरून रंग चकाचक असतो आणि आत चाळण झालेली असते. जीटीचं सिल पण कुजतं, नाही असं नाही, पण तिला टपाचा आधार असतो त्यामुळे ती चूक पोटात घालते. रोडस्टर घालत नाही. माझीच सांगतो, एका गॅरेजवाल्याने खाली नीट टेकू न देता, दाराच्या चौकटीत आडवी पट्टी न मारता दोन्ही बाजूची सिलं कापली, बॉडी मधे बसली, आणि नवीन सिलं त्याच बसलेल्या बॉडीला वेल्ड झाली. त्यानंतर डावं दार कधीच सरळ लागलं नाही. फार जीव लावला होता त्या गाडीला, अजून वाईट वाटतं.

म्हणून बघायला जाशील तेव्हा दार लावून बाजूची फट बघ, मग मागे जॅक लावून एक चाक उचल आणि परत बघ. दाराची वरची फट मिटत आली किंवा दार घासायला लागलं तर मालक कितीही गोड बोलू दे, निघून ये. आणि एक चुंबक रुमालात गुंडाळून घेऊन जा, सिलवरून आणि चाकाच्या कमानीवरून फिरव, जिथे धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे. सीटच्या मागे कार्पेट उचलून बॅटरीची जागा पण बघ, त्या वर्षांच्या गाड्यांना तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या आणि ॲसिडने तिथला पत्रा जातो.

दुसरं म्हणजे आपला पाऊस. जून ते सप्टेंबर रोडस्टर म्हणजे रोजची काळजी, हुडचं कापड आणि काच जिथे भेटतात तिथून पाणी येणारच, ताम्हिणीत तर येतंच येतं, आणि कार्पेटखालचं फेल्ट एकदा भिजलं की दिवसेंदिवस वाळत नाही, खालचा पत्रा गंजत राहतो. शिवाय तुझ्या सोसायटीत पार्किंग उघडं, मांजरं कापडी हुडवर झोपतात आणि नखं काढतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

रोडस्टरचं सुख काय ते मला माहितीये गं. डिसेंबरमध्ये पहाटे हडपसरवरून निघायचं, खाली मस्तानी तलाव ठेवून दिवे घाट चढायचा, हुड खाली, कानटोपी घातलेली, सेकंड गिअरमध्ये त्या 1798 सीसी इंजिनाचा आवाज घाटाच्या कातळावर आपटून परत येतो, आणि सासवडच्या अलीकडे ओल्या शेताचा गार वास अंगावर येतो, असं वाटतं आपण गाडीत नाही, रस्त्यावरच बसलोय. ते जीटीत मिळत नाही. पण अशा सकाळी वर्षात किती येतात, आणि बाकीचे दिवस स्वारगेटला बसच्या मागे, सायलेन्सरच्या उंचीवर तोंड करून बसायचं असतं.

जीटीचा दोष पण सांगतो, एप्रिल-मेमध्ये आत भट्टी होते, मागे मोठी काच, एसी नाही, पायाशी इंजिनाची गरमी. दुपारी काढूच नको. वजनाला साधारण शंभर किलो जास्त म्हणून पिकअपला थोडी जड वाटेल. पण 1965 मध्ये पिनिनफरिना या इटलीच्या डिझाइन कंपनीच्या मदतीने काढलेला तो टप आहे, मागून बघ एकदा, आणि मागचं दार वर उचललं की चार दिवसांचं सामान बसतं. इंग्लंडमध्ये तशाच कंडिशनची जीटी रोडस्टरपेक्षा स्वस्त जाते, इथला मालक दोन्हीला सारखाच भाव सांगत असेल तर घासाघीस कर.

कागद: इंजिन नंबर, चासी नंबर स्वतः आरसीशी ताडून बघ. पन्नास वर्षं झालेल्या गाडीला 2021 च्या नियमाने व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, पण मग ती रोज हिंजवडीला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. जुनंच रजिस्ट्रेशन चालू असेल तर ते जप, रिन्युअल आणि पर्यावरण कर भरत राहा. आणि पेट्रोलचे जुने रबरी पाइप पहिल्याच आठवड्यात बदल, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने ते फुगतात, चिरतात, आणि खाली गरम एक्झॉस्ट असतो.

टोकन अजून देऊ नकोस. रविवारी सकाळी सातला ये, गाडी रात्रभर थंड असताना स्टार्ट करून बघायचीये, मालकाला तसं आधीच सांगून ठेव. जॅक मी घेतो, चुंबक तू आण.

काका