वाचवलेली कुत्री दत्तक देताना समोरचं घर चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की रस्त्यावरून आणलेली कुत्री दोन महिने घरी सांभाळलीत, आता तिला कायमचं घर शोधायचंय. घर कसं पारखायचं, आणि देताना त्रास होतो का, हे तुमचे दोन प्रश्न. त्याच्यापुढे तुम्ही म्हटलंय, "शक्यतो बंगला, सुशिक्षित कुटुंब." या शेवटच्या चार शब्दांमुळे मी लिहायला बसलेय.

मी सांगलीची. आम्ही विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. गावभाग, मारुती चौक, सगळं पाण्यात. बोटीत आधी माणसं घ्यायची हे ठरलेलंच होतं आणि ते बरोबरच होतं. पाणी उतरायला लागल्यावर बोटीवरच्या एका पोरानं पोत्यात गुंडाळलेली एक कुत्री आणून माझ्या दारात ठेवली. एका इमारतीच्या जिन्यात ती चार-पाच दिवस अडकून पडली होती. माझ्या मुलीनं, तेव्हा ती तिसरीत होती, लगेच नाव ठेवलं, होडी.

होडीच्या गळ्याला वास येत होता. केस बाजूला केले तर कातडीत रुतलेली सुतळी दिसली. पिल्लू असताना कुणीतरी हौसेनं बांधली असणार, मग कुत्री वाढत गेली आणि सुतळी तेवढीच राहिली. पाचसहा दिवस जखम ओली राहिल्यानं आत आळ्या पडलेल्या. डॉक्टरांनी सुतळी कापून काढली, जखम धुऊन दिली आणि सांगितलं की उरलेल्या आळ्या रोज बघून काढायच्या. मी आणि माझी मैत्रीण, जिच्याबरोबर मी बरीच वर्षं हे काम केलं, रात्री फरशीवर वर्तमानपत्रं पसरून बसलो. तिनं टॉर्च धरला, मी चिमट्यानं एकेक काढत होते. बावन्नपर्यंत मोजल्या, मग मोजायचं सोडलं. होडी एकदाही गुरगुरली नाही. फक्त पुढचा पंजा माझ्या मनगटावर ठेवून बसली होती.

त्यातच गोचीडताप निघाला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, रक्तात प्लेटलेट खाली गेलेल्या. डॉक्सीसायक्लिन 28 दिवस. ही गोळी रिकाम्या पोटी देऊ नका आणि दुधातून तर अजिबात नको, दुधातल्या कॅल्शियममुळे ती नीट लागू पडत नाही. आम्ही उकडलेल्या अंड्यात दाबून द्यायचो. ऑक्टोबरपर्यंत तिचं वजन भरलं, रेबीजची लस झाली, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालं.

आणि मग मी तिला तुमच्या मनातल्या घरी दिलं. बंगला, पुढे लॉन, दोघंही नवराबायको खूप शिकलेले. फॉर्म इंग्रजीत भरून दिला, आधार कार्डाची प्रत दिली, फोटो काढले. आज आठवतं की त्यांनी मला तीनच गोष्टी विचारल्या होत्या. हिच्यात लॅब्रॅडॉरचं काही मिसळलंय का, केस किती गळतात, आणि अनोळखी माणसावर भुंकते ना. तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. घर बघूनच मी भारावले होते.

तीन आठवड्यांनी त्या बाजूला काम होतं म्हणून न सांगता गेले. होडी गच्चीवर होती, पाण्याच्या टाकीला साखळीनं बांधलेली. भांड्यातल्या पाण्यावर शेवाळ धरलेलं. आणि साखळी बरोबर त्या जुन्या जखमेवर. भरत आलेली कातडी परत फाटली होती. "राखण छान करते हो," असं त्या बाई कौतुकानं सांगत होत्या. दिवसातून किती वेळा खाली फिरायला नेता, विचारलं, तर म्हणाल्या, गच्ची एवढी मोठी आहे की. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात कलम 11 मध्ये हे चक्क लिहिलेलं आहे: कुत्र्याला कायम बांधून किंवा कोंडून ठेवायचं आणि मोकळं फिरवायचं नाही, हा गुन्हा आहे. मी कायदा काढला नाही. साखळी सोडली आणि तिला घेऊन आले. बंगल्याला मागे-पुढे लॉन असलं तरी कुत्री कुठे राहणार हे घरातली माणसं ठरवतात, लॉन नाही.

दुसरं घर मला सापडलं ते स्कूटरच्या पंक्चरमुळे. होडी पुढे पाय ठेवायच्या जागेवर बसलेली, मागचं चाक बसलं, म्हणून ढकलत कुपवाड रोडला एका पंक्चरच्या दुकानाशी आले. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघता बघता त्या माणसानं विचारायला सुरुवात केली. "ताई, हिच्या गळ्याला काय झालंय?" मग, "रात्री कुठं झोपतीया ही?" मग, "गाड्यांच्या आवाजाला भितीया काय?" कंप्रेसर चालू करायच्या आधी तो माझ्याकडे बघून थांबला आणि म्हणाला, "जरा हिला तिकडं धरा, दचकंल." मी तोपर्यंत दत्तकाचा शब्दही काढला नव्हता. बोलता बोलता कळलं, त्यांचा मोत्या गेल्या वर्षी गेला, बारा वर्षांचा होऊन. गावठी कुत्रा, रस्त्याकडेच्या दुकानात राहून बारा वर्षं जगला. याहून मोठं प्रमाणपत्र मला आजपर्यंत कुणी दाखवलेलं नाही.

घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. वहिनी घरी ब्लाऊज शिवायच्या, म्हणजे दिवसभर घरात माणूस. मी दोनदा जाऊन आले, एकदा सांगून आणि एकदा न सांगता. आणि डिसेंबरमध्ये होडी तिथे दिली.

इथेच माझं आणि मैत्रिणीचं बिनसलं. ती म्हणाली, "गरिबाच्या गळ्यात कुत्री मारतेस. उद्या पाय मोडला तर ऑपरेशनचे दहा-पंधरा हजार तो कुठून आणणार?" मी म्हटलं, बंगलेवाल्यांकडे होते की पैसे. ती म्हणाली, एका वाईट बंगल्यावरून सगळ्यांना नावं ठेवू नकोस. शब्दाला शब्द वाढला. शेवटी तिनं सगळ्यांसमोर सांगितलं की मी फॉर्मचे नियम मोडले, कारण त्यात "स्वतःचं घर" असा रकाना होता आणि हे भाड्यानं राहत होते. त्यानंतर आम्ही एकत्र काम केलेलं नाही.

तर काय झालं ते ऐका. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि कुत्र्यामांजरांपासून कोरोना होतो अशी अफवा पसरली. पाळीव प्राण्यांपासून माणसाला हा आजार पसरत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाला जाहीर सांगावं लागलं, इतकी. त्या महिन्यात "कुत्रं परत घेऊन जा" म्हणून मला चार फोन आले. चारही शिकलेल्या, स्वतःच्या घरात राहणाऱ्या माणसांचे. पंक्चरवाल्या भाऊंचाही आला. दुकान बंद, हातात पैसा नाही, आणि माणूस विचारतोय, "ताई, हिला सकाळी मुतायला भाईर न्यायचं तर पोलीस काय म्हणतील?"

2021 च्या जुलैत कृष्णेचं पाणी परत चढलं, आयर्विनला 50 फुटांच्या वर. भाऊंची म्हातारी आई गावभागात भावाकडे होती, तिला काढायला हे गेले ते होडीला टेम्पोत घेऊनच, कारण ती पाऊस सुरू झाला की एकटी राहत नव्हती. आईला निवारा केंद्रात सोडलं, तिथे कुत्र्याला आत घेईनात. तेही मी समजू शकते, आत लहान मुलं होती. भाऊ दोन रात्री बाहेर टेम्पोत झोपले, होडी पायाशी.

आणि 2022 मध्ये मैत्रीण म्हणाली होती ते खरंच घडलं. होडीनं मक्याच्या कणसाचा दांडा गिळला, तो आतड्यात अडकला, ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी हप्ते करून दिले. अर्धे पैसे मी घातले, त्यांनी मागितले नव्हते. उरलेले त्यांनी दर शनिवारी पाचशे असे फेडले, एकही शनिवार न चुकता. मैत्रिणीला मी तेव्हा हे कळवलं नाही. इथे वाचत असेल तर तिला कळू दे.

आता तुमच्या प्रश्नाचं. घर बघायला जाल तेव्हा खोल्या मोजू नका. याआधी कुत्रं होतं का, किती वर्षं जगलं, कशानं गेलं, हे विचारा. "दिलं गावाला शेतावर" असं उत्तर आलं तर तिथून उठा. ते तुम्हाला काय विचारतात याच्याकडे कान ठेवा. कुत्रीला काय आवडतं, कशाला घाबरते हे विचारणारा माणूस आणि जात, केस, राखण विचारणारा माणूस, हे दोन वेगळे आहेत. घरातली सगळी माणसं समोर असताना बोला. एक जण जरी गप्प बसून असेल तर पुढे कुत्रीचं सगळं त्याच्याच अंगावर पडणार असतं, बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या. मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून मागणाऱ्याला देऊ नका. दिवाळीच्या तोंडावरही देऊ नका, नवीन घरात पहिल्या आठवड्यात फटाके वाजले की कुत्री दार उघडं मिळेल तिथून पळते आणि परत यायचा रस्ता तिला माहीत नसतो. ऑपरेशन आणि लस तुम्हीच करून द्या, "आम्ही करू" यावर सोडू नका. नको झाली तर परत तुमच्याकडेच आणायची, हे लिहून घ्या. आणि पहिल्या महिन्यात एकदा तरी न सांगता जा.

त्रास होतो का? होतो. होडी आमच्या बेडरूमच्या उंबऱ्याला पाठ लावून आडवी झोपायची, तिथली फरशी गार असते म्हणून. ती गेल्यावर कितीतरी महिने रात्री पाणी प्यायला उठले की मी उंबऱ्यापाशी पाय उचलून पलीकडे टाकायचे. माझे मिस्टरही टाकायचे. त्याबद्दल आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही. पण तिला ठेवून घेतलं असतं तर पुढची सात कुत्री माझ्या घरात आली नसती, एवढीच जागा आहे आमच्याकडे.

काही गोष्टी राहिल्या. भाड्याचं घर असेल तर घरमालकाशी तुम्ही स्वतः बोला. भाऊंच्या घरमालकाशी मी बोलले होते, हे मघाशी सांगायचं राहून गेलं. गरीब घर म्हणजे चांगलं घर, असं मी म्हणत नाहीये. दोन खोल्यांच्या एका घरातूनही मी एक पिल्लू परत आणलेलं आहे, तिथे दिवसभर कुलूप असायचं. बंगल्यात नीट राहणारी माझी दोन कुत्रीही आहेत. आजारपणाच्या खर्चाचं आधीच बोलून ठेवा, यात मैत्रिणीचं बरोबर होतं. आणि त्या पहिल्या रात्री पहाटे तीनपर्यंत टॉर्च धरून तीच बसली होती, हेही खरं.

पिल्लू असेल तर सगळंच वेगळं. पार्व्हो म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाबांनी मारणारा आजार, त्याचा विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे आधीचं पिल्लू पार्व्होनं गेलेल्या घरात लसी पूर्ण झाल्याशिवाय नवीन पिल्लू देऊ नका. आणि तुम्ही स्वतः हे काम पुढे करणार असाल तर रेबीजची लस आधीच टोचून घ्या. तरी चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

तुमची कुत्री किती वर्षांची आहे आणि तिचं ऑपरेशन झालंय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. एका कानाच्या टोकाला छोटा काप असेल तर बहुतेक झालेलं आहे, बघून सांगा. सांगली-मिरजेकडचे असाल तर घर बघायला मी तुमच्याबरोबर येईन. रविवारी मला सुट्टी असते.