उंबऱ्यापुढची चिमूटभर रांगोळी

प्रश्न : ताई, मी ५८ वर्षांची. मुलं नोकरीसाठी बाहेरगावी. रोज तोच स्वयंपाक, तीच झाडलोट. ‘रोजचं जगणं हीच कला’ असं सगळे सांगतात. मला ना गाता येतं, ना चित्र काढता येतं. मग काय करू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचं पत्र वाचताना माझी आई डोळ्यांपुढे आली. चित्र तिलाही येत नसे, पण सडा घालून उंबऱ्यापुढे रांगोळी काढल्याशिवाय ती चहाचं आधण ठेवत नसे. अंगठा नि तर्जनीच्या चिमटीत रांगोळी धरायची, हात बोटभर वर ठेवून सोडत जायची. हात अडखळला की तिथे ढीग पडतो. मला हे जमायला दोन वर्षं लागली! चैत्रात गौर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत अंगणात चैत्रांगण : झोपाळ्यातली गौर, चंद्र-सूर्य, तुळस, शंख, गाईची पावलं. चातुर्मासात गोपद्मं. दुपारपर्यंत ते पायाखाली पुसलं जाई. तिला कधी वाईट वाटलं नाही.

उद्या फक्त ४ ठिपके ४ ओळी घ्या. फ्लॅट असेल तर दाराबाहेरच्या फरशीवर गेरूचा हात फिरवा, वाळल्यावर पांढरी रेघ उठून दिसते. फार बारीक रांगोळी चिमटीतून नीट सुटत नाही, जरा जाडसर मागा. फोन आत ठेवून या. रेघ वाकडी गेली तर पुसू नका, तिथूनच वेल काढा. महिन्याने मला लिहा, कोणती जमली ते.