लाल मुठीची जुनी स्वीडिश सुरी नेमकी कुठली, हे कसं ओळखायचं?

प्रश्नात म्हटलंय की सुरी लाल लाकडी मुठीची आहे, पण पात्यावरचं नाव अर्धं पुसलंय. बहुधा ती स्वीडनमधल्या मोरा गावची असावी. आधी मुठीजवळ पात्यावरचा ठसा भिंगातून, तिरप्या उजेडात बघा. ‘फ्रॉस्ट’ किंवा ‘के. जे. एरिक्सन’ अशी अक्षरं जुळली तर सुरी 2005 च्या आधीची धरायला हरकत नाही, कारण त्या वर्षी हे दोन कारखाने एक झाले. फ्रॉस्टची सुरुवात मात्र 1891 ची, त्यामुळे नुसत्या नावावरून वय ठरवू नका. लाल रंगावरून तर अजिबात नको, तशा सुऱ्या आजही बनतात.

मग धारेचा उतार बघा. तिथे पात्याच्या लांबीभर एक फिकट, किंचित नागमोडी रेघ दिसली तर पातं तीन थरांचं आहे: मध्ये कडक पोलाद, दोन्ही बाजूंना मऊ लोखंड. मला तरी या सुऱ्यांमधली सगळ्यात देखणी गोष्ट ती रेघच वाटते.

मूठ घोड्याच्या डोक्याची असेल तर मात्र शोध फिनलंडकडे वळवा. कौहावा गावची ती ओळखीची घडण.

आणि कृपा करून घासूनपुसून चकचकीत करू नका! मी हौसेने एका पात्याला पॉलिश पेपर मारला आणि उरलीसुरली अक्षरंही गेली. सुटा गंज तेलाच्या फडक्याने पुसा, काळपटपणा राहू द्या.