लोकलवर (माझ्याच मशीनवर) लारावेलचं, म्हणजे पीएचपी फ्रेमवर्कमधलं, एक पान उघडायला ८-९ सेकंद लागतात, सर्व्हरवर तेच लगेच उघडतं. ८ जीबी रॅम वाढवून १६ करू का?

रॅमवर एक रुपयाही घालू नका. निदान अजून तरी.

तुम्ही लिहिलंय की विंडोज ११ आहे, डब्ल्यूएसएल २ मध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) डॉकर (अ‍ॅप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) चालतो, प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर आहे, आणि ऑफिसातले सगळे म्हणतात 'मशीनच कमी पडतंय'. ते शेवटचं वाचलं आणि लिहायला बसलो. या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे.

पुण्यात एका छोट्या कंपनीत मी पीएचपीचं काम करायचो. सगळ्यांकडे विंडोज आणि झॅम्प (लोकलवर वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज). लोकलवर कुठेही क्लिक करा, सेकंदभर नुसतं पांढरं पान, मग साइट. आमच्या टीम लीडचं निदान ठरलेलं होतं: 'विंडोज आहे, चालायचंच.' मी म्हटलं, सर, साध्या लॉगिनला कमी आणि महिन्याच्या रिपोर्टला जास्त वेळ लागला असता तर मशीनला दोष दिला असता. इथे दोन्हींना वरचा तो सेकंद सारखाच लागतोय. म्हणजे त्या सेकंदात काम चाललेलंच नाही, कोणीतरी कोणाची तरी वाट बघतंय. टास्क मॅनेजर उघडून दाखवला. पान अडकलेलं आणि सीपीयू निवांत. सर म्हणाले, 'तू आधी ते तिकीट क्लोज कर.'

तिकीट क्लोज केलं आणि मग शोधत बसलो. डेटाबेसचा होस्ट म्हणून 'लोकलहोस्ट' लिहिलेलं होतं. विंडोज त्याचा पत्ता आधी आयपीव्ही६ मधला (नव्या पद्धतीचा), म्हणजे ::१ असा धरतं. आमचा डेटाबेस मायएसक्यूएल मात्र फक्त जुन्या, आयपीव्ही४ मधल्या १२७.०.०.१ वर ऐकत होता. पहिल्या पत्त्यावर नकार मिळाला तरी विंडोजचं टीसीपी लगेच सोडून देत नाही, पुन्हा प्रयत्न करतं आणि त्यानंतरच दुसऱ्या पत्त्याकडे वळतं. हा खेळ दर रिक्वेस्टला. 'लोकलहोस्ट' खोडून आकड्यांतला पत्ता लिहिला आणि पानं पटापट उघडायला लागली. सरांचं म्हणणं, 'कॅश झालं असेल.'

पुढे त्यांनी मॅनेजमेंटला पटवून स्वतःसाठी मॅकबुक घेतलं. आता बघा, म्हणाले. बघितलं. त्यावर साइट उघडायला पाच सेकंद. थोडा वेळ ठीक चालायची, मध्ये कोणी चहाला जाऊन आलं की पुन्हा पाच. साडेचार नाही, सहा नाही. एवढा गोल आकडा दिसला की मी कोड बघतच नाही, तो टाइमआउट असतो, म्हणजे उत्तराची वाट बघण्याची ठरलेली मुदत. (लिनक्समध्ये नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएस रिझॉल्व्हरचा डिफॉल्ट टाइमआउटही ५ सेकंदच आहे, हे लक्षात असू द्या.) सरांनी प्रोजेक्टला नाव दिलं होतं शेवटी 'डॉट लोकल' लावून. हे शेपूट मल्टिकास्ट डीएनएससाठी (जवळच्या नेटवर्कवरच्या सगळ्यांना नाव विचारण्याची पद्धत) राखीव आहे, २०१३ च्या आरएफसी ६७६२ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजामध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. होस्ट्स फाइलमध्ये (मशीनवरची नाव-पत्त्यांची यादी) फक्त आयपीव्ही४ ची ओळ असली की मॅक आयपीव्ही६ चा पत्ता नेटवर्कवर विचारतो आणि कोणी उत्तर देत नाही म्हणून थांबून राहतो. होस्ट्समध्ये त्याच नावाची ::१ वाली दुसरी ओळ घातली, संपला विषय. 'डॉट टेस्ट' वापरलं असतं तर ही वेळच आली नसती, ते तर १९९९ पासून याच कामासाठी राखून ठेवलंय. मॅकबुकची किंमत मी इथे लिहीत नाही.

तुमचा प्रकार वेगळा आहे. ८-९ म्हणजे आकडा हलतोय, तेव्हा टाइमआउटपेक्षा फाइल वाचण्याचा संशय जास्त. डब्ल्यूएसएल २ हे आतून व्हर्च्युअल मशीन आहे आणि तिथून सी ड्राइव्हवरची प्रत्येक फाइल ९पी नावाच्या प्रोटोकॉलमधून येते. लारावेलच्या व्हेंडर फोल्डरमध्ये (बाहेरून आणलेल्या लायब्ररींचा) फायली हजारोंनी. चिमूट-चिमूट मिठासाठी दरवेळी शेजारच्या बिल्डिंगमध्ये जाऊन येण्यासारखं आहे ते. रॅम दुप्पट केली म्हणून ही ये-जा कमी होणार नाही. शिवाय विंडोजमधून फाइल बदलली की ते व्हीटला (फ्रंटएंड बांधणारं साधन) कळत नाही, म्हणून लोक पोलिंग लावतात, म्हणजे फायली सारख्या तपासत राहायला सांगतात, आणि मग सीपीयू खरंच दमतो.

प्रोजेक्ट डब्ल्यूएसएलमधल्या उबंटूच्या (लिनक्सच्या) होम फोल्डरमध्ये गिट क्लोन करा, कंपोझर आणि एनपीएम (लायब्ररी आणणारी साधनं) तिथेच नव्याने चालवा, आणि व्हीएस कोड डब्ल्यूएसएल एक्स्टेन्शनने उघडा. त्याआधी आणि नंतर कर्ल या कमांडच्या डब्ल्यू (-w) फ्लॅगने नेमलुकअप, कनेक्ट आणि स्टार्टट्रान्सफर हे तीन आकडे काढून ठेवा. पहिला मोठा असेल तर नावाची भानगड, दुसरा म्हणजे पत्ता किंवा पोर्ट, पहिले दोन लहान आणि तिसराच मोठा असेल तर तुमचा कोड, डेटाबेस किंवा डिस्क. 'मला वाटतं रॅम कमी आहे' म्हणणाऱ्या माणसासमोर हे तीन आकडे ठेवले की बोलणं एकदम सरळ होतं. आमच्याकडे नाही झालं, पण तुमचे लीड बरे असतील.

एक्सडिबग (पीएचपीतल्या चुका शोधायचं एक्स्टेन्शन) चालू असेल तर आधी त्याचा मोड ऑफ करा, नाहीतर वरचं सगळं मोजणं फुकट.

आणि हो, ८ जीबीत डब्ल्यूएसएल डिफॉल्टने निम्मी मेमरी वापरू शकतं. उरलेल्यात क्रोम, एडिटर आणि विंडोज. प्रोजेक्ट हलवल्यावरही टास्क मॅनेजरमध्ये मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्क सतत धावताना दिसली, तर १६ घ्या, मी आडवा येणार नाही. फक्त लॅपटॉपची रॅम बोर्डावर सोल्डर केलेली नाही ना, ते आधी बघून घ्या. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये असते, आणि मग हा प्रश्नच उरत नाही.