सामान लावण्याआधी खिडक्या बघा

शाळा संपत आल्या की मला येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. ताप-खोकला मागे पडतो आणि ‘आम्ही मोठ्या शहरात राहायला जातोय, मुलांचं काय?’ हे सुरू होतं. मी बालरोगतज्ज्ञ आहे, त्या नात्याने जे कळतं तेवढंच सांगते. तेच ते गैरसमज दर वेळी नव्या पत्रांतून येतात, म्हणून या वेळी काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: घर बदलण्याच्या गडबडीत मुलाची लसीकरणाची फाइल हरवली. तो तीन वर्षांचा आहे. काही डोस राहिलेही आहेत. शेजारी म्हणतात, मध्ये खंड पडला की आधीचे डोस वाया जातात, सगळं पहिल्यापासून घ्यावं लागतं.

उत्तर: वाया जात नाहीत. नेहमीच्या बाललसींमध्ये योग्य वयात आणि योग्य अंतराने घेतलेला डोस मोजला जातोच, खंड पडला असेल तर जिथे थांबलात तिथून पुढे जायचं. तुमची अडचण खंडाची नाही, कागदाची आहे. ‘बहुतेक दिली होती’ यावर कोणताही डॉक्टर विसंबू शकत नाही. जुन्या दवाखान्याला आजच फोन करा आणि नोंदीचा फोटो मागवून घ्या. नोंद मिळालीच नाही, तर काही लसी पुन्हा द्याव्या लागतील. बहुतेक लसी पुन्हा दिल्याने अपाय होत नाही, पण कोणत्या द्यायच्या ते नव्या डॉक्टरांना ठरवू द्या. मात्र ‘जरा स्थिरस्थावर झालो की बघू’ असं करू नका. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो, आणि नव्या शाळेत तुमचं मूल पहिल्याच आठवड्यात शेकडो मुलांमध्ये मिसळणार आहे.

प्रश्न: शहरातलं पाणी बाधू नये म्हणून निघण्याआधी महिनाभर ‘इम्युनिटी’चं सिरप द्या, असं औषधाच्या दुकानात सांगितलं. देऊ का?

उत्तर: नको. पाणी बाधतं ते त्यातल्या जंतूंमुळे, आणि सिरपने ते मरत नाहीत. पाणी उकळा.

प्रश्न: अकराव्या मजल्यावर घर मिळालं आहे. मुलगी अडीच वर्षांची आहे, मुलगा सहा वर्षांचा. खिडक्यांना डासांची जाळी आहे. घरमालक म्हणतात तेवढं पुरे, ग्रिलने इमारत वाईट दिसते. मिस्टर म्हणतात, आधी सामान लागू दे, मग बघू.

उत्तर: जाळी डासांसाठी असते. तिची चौकट नुसती खाचेत बसवलेली असते. दहा-बारा किलोचं मूल टेकलं तर ते जाळीसकट बाहेर जातं.

आणि ‘सामान लागू दे’ या वाक्याची मला सर्वांत जास्त भीती वाटते. राहायला गेल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस डोळ्यांसमोर आणा. खोकी भिंतीला लावून रचलेली. पलंग जागा मिळाली तिथे, म्हणजे बहुधा खिडकीखाली. पंखे लागलेले नाहीत म्हणून खिडक्या सताड उघड्या. हमाल ये-जा करतायत, आई स्वयंपाकघरात, बाबा खाली ट्रकपाशी, आणि मूल दुसऱ्याजवळ आहे असं दोघांनाही वाटतंय. माझ्याकडे एक सव्वादोन वर्षांचा मुलगा आणला होता. पुस्तकांच्या खोक्यावरून तो पलंगाच्या कठड्यावर चढला, तिथून खिडकीच्या कट्ट्यावर, आणि जाळी निघाली. घर पहिल्या मजल्यावर होतं, खाली ओली माती होती, तरी मांडीचं हाड मोडलं. त्याची आई पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती, ‘मी फक्त कात्री आणायला गेले होते.’

यात मुलाचा खोडकरपणा नसतो आणि आईचा हलगर्जीपणाही नसतो. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं. खाली बघायला ते वाकलं की तोल पुढेच जातो. ‘आमची मुलगी शहाणी आहे, खिडकीपाशी जात नाही’ असं कृपा करून मला सांगू नका. जुन्या घरात ती जात नव्हती. हे घर तिच्यासाठी नवं आहे आणि खाली बघण्यासारखं खूप काही आहे.

उपाय माहीत नाही अशातला भाग नाही. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने १९७२ मध्ये ‘मुलं उडू शकत नाहीत’ अशा अर्थाच्या नावाची मोहीम काढली. घरोघरी जाऊन पालकांना सांगितलं, खिडक्यांना फुकट अडसर दिले. दोन-तीन वर्षांत तिथले खिडकीतून पडून होणारे मृत्यू ३५ टक्क्यांनी उतरले. १९७६ मध्ये त्यांनी नियमच केला: दहा वर्षं किंवा त्याखालचं मूल राहत असेल, तर घरमालकाने अडसर बसवलाच पाहिजे. म्हणून तुमच्या घरमालकांना इमारतीच्या दिसण्याबद्दल बोलायचं असेल तर ते नंतर बोलतील. करारावर सही करण्याआधी ही अट लेखी घ्या आणि ट्रक येण्याच्या आदल्या दिवशी काम पुरं करून घ्या.

काम कसं हवं, तेही सांगते. खिडकी १० सेंटीमीटरपेक्षा जास्त उघडता कामा नये, किंवा ग्रिलच्या गजांमधलं अंतर त्यापेक्षा कमी हवं. टेप लावून स्वतः मोजा. गज उभे असू द्या. आडव्या गजांची मुलांना शिडी होते, आणि बाल्कनीच्या कठड्यालाही हेच लागू आहे. आग लागली तर मोठ्या माणसाला आतून उघडता येईल असा एक भाग ठेवा. तो कुठे आणि कसा, हे अग्निसुरक्षेची माहिती असलेल्या माणसाला विचारूनच ठरवा, आयुष्यभरासाठी झाळून टाकू नका. खिडकीखाली पलंग, सोफा, खोकं काही नको. पडद्याच्या लोंबत्या दोऱ्या वर बांधा, गळ्याला फास बसतो. कपाट आणि टीव्ही भिंतीला जखडेपर्यंत मुलांना त्या खोलीत एकटं सोडू नका. सामान हलवण्याच्या दिवशी मूल कोणाकडे आहे, हे एका माणसाचं नाव घेऊन ठरवा. त्या माणसाने दुसरं काही करायचं नाही.

आणि कधी मूल पडलंच, तर ते रडून शांत झालं, खेळायला लागलं, म्हणून घरी थांबू नका. मान न हलवता मदत बोलवा. उंचावरून पडलेल्या प्रत्येक मुलाला रुग्णालयातच तपासायला हवं.

प्रश्न: आमच्या आठ वर्षांच्या मुलाला दमा आहे. शहराच्या हवेत त्याला पंपाची सवय लागेल असं सगळे म्हणतात. पंप बंद करून हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यावं का? दुकानदार आयन सोडणारं घ्या म्हणतो.

उत्तर: पंपाची सवय लागत नाही. रोजचा पंप बंद केला तर मात्र श्वासनलिकांची सूज परत वाढते, आणि तेही ऐन धूळ उडण्याच्या दिवसांत. मी हे वारंवार पाहते: पंप कुठल्याशा खोक्यात गेलेला असतो आणि रात्री दोन वाजता मूल धापा टाकत असतं. पंप, स्पेसर (औषध नीट आत जावं म्हणून पंपाला जोडतात ती नळी) आणि महिन्याभराची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. सध्याच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, त्यात औषधाचं मूळ नाव आणि दम लागला तर काय करायचं ते पायरीपायरीने लिहिलेलं असू द्या. ब्रँडची नावं बदलतात, मूळ नाव बदलत नाही. यंत्र घ्यायचंच असेल तर ‘हेपा’ म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचं, खोलीच्या आकाराला पुरेल असं घ्या, आणि ते चालू असताना खिडकी बंद ठेवा. आयन सोडणारी काही यंत्रं ओझोन तयार करतात आणि तो दम्याला वाईट. त्यापेक्षा घरच वाहत्या रस्त्यापासून दीडशे-दोनशे मीटर आत मिळतं का बघा, धुराचं प्रमाण तेवढ्यानेही बरंच उतरतं. औषध कमी करायचं का, ते डॉक्टर ठरवतील, शेजारी नाही.

प्रश्न: नव्या शहराची भाषा वेगळी आहे. मुलांचा गोंधळ होऊ नये म्हणून घरी मातृभाषा बंद करू का?

उत्तर: मुळीच नको. दोन-तीन भाषांमुळे बोलणं उशिरा येत नाही. दोन वर्षांचं मूल कोणत्याच भाषेत बोलत नसेल, तर कानांची तपासणी करून घ्या.

प्रश्न: घरमालक आम्ही राहायला गेल्यावर जुना रंग खरवडून नवा देणार आहेत. घरात वर्षाचं बाळ आहे.

उत्तर: राहायला जाऊ नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, खरवडलं की त्याची धूळ जमिनीवर बसते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. शिशाचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही. काम संपून ओल्या फडक्याने सगळं पुसून झाल्यावरच आत जा. खरवडताना बाळ घरात राहून चुकलं असेल, तर रक्तातलं शिसं तपासण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: पाच वर्षांची मुलगी वर्षभर रात्री कोरडी राहायची. नव्या घरी आल्यापासून अंथरूण ओलं करते.

उत्तर: घर बदलल्यावर असं होतं, आणि बहुतेकदा काही आठवड्यांत थांबतं. रागावू नका, चारचौघांत बोलू नका, पाणी तोडू नका. तरी लघवीची तपासणी करून घ्या, बद्धकोष्ठ किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. ती सारखं पाणी मागत असेल आणि वाळली असेल, तर तो मधुमेह असू शकतो. मग त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: लांबच्या उपनगरात ऐसपैस घर घ्यावं, की शहरात लहान? मुलगा सात वर्षांचा आहे.

उत्तर: खोल्यांआधी झोपेचे तास मोजा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. शाळा आठची आणि बसचा प्रवास सव्वा तासाचा असेल तर तो पावणेसातला निघणार, सहाला उठणार. म्हणजे नऊला गाढ झोपलेला हवा. तुम्ही कामावरून साडेआठला घरी येणार असाल, तर त्याच्या वाट्याला तुमचा अर्धा तास येतो. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ हे एजंटचं वाक्य असतं, त्यावर जाऊ नका. कामाच्या दिवशी, शाळेच्या वेळेला, मुलाला घेऊन एकदा तो प्रवास करा आणि मग पैसे भरा. जवळच्या शाळेची सोय होत असेल, तर उपनगरातलं घर उत्तमच.

प्रश्न: तेरा वर्षांची मुलगी यायलाच तयार नाही. खोलीतून बाहेर येत नाही. वयाचा परिणाम म्हणून सोडून द्यावं का?

उत्तर: सोडून देऊ नका. डेन्मार्कमध्ये १९७१ ते १९९७ दरम्यान जन्मलेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लहानपणी घर बदलणं आणि पुढे आत्महत्येचे प्रयत्न, व्यसनं यांचा संबंध दिसला. तो बारा ते चौदाच्या वयात घर बदललेल्यांमध्ये जास्त ठळक होता. संबंध म्हणजे कारण नव्हे, आणि बहुतेक मुलं नीट रुळतात. पण याच वयात मैत्रिणी तुटणं किती जड जातं, हे त्यावरून समजून घ्या. शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत थांबता येत असेल तर थांबा. शाळा निवडताना तिला सोबत न्या आणि तिचं मत खरोखर धरा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, बोलणं बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि ‘मी नसले तर बरं’ अशा अर्थाचं काही ती एकदाही बोलली असेल, तर तिला एकटं सोडू नका आणि ट्रक ठरवण्याआधी, आजच, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.