सायकलच्या फ्रेमला प्रोटेक्शन फिल्म लावली, पण बुडबुडे राहिले आणि कड सुटली. घरी नीट कशी लावायची?

तुम्ही लिहिलंय की मॅट कार्बन फ्रेमला फिल्म लावल्यावर डाऊनट्यूबवर (हँडलखालून पेडलकडे उतरणारी नळी) बुडबुडे राहिले, आणि चार दिवसांत हेडट्यूबजवळची (हँडलखालची उभी, आखूड नळी) कड सुटून तिला धूळ चिकटली. बुडबुड्यांची फार काळजी नको, त्यांच्याकडे शेवटी येतो. खरी अडचण कडेची आहे. नीट बसलेली फिल्म मधून सहसा सुटत नाही, ती कडेपासून सुटते. त्यामुळे माप घेण्यापासून दाबण्यापर्यंत सगळं काम कडेचा विचार करून करायचं.

फिल्म टीपीयूची (ताणता येणारं, लवचीक प्लास्टिक) घ्या. व्हायनिल स्वस्त असतं, पण वळणावर नीट बसत नाही, पिवळं पडतं आणि काढताना गोंद मागे ठेवतं. साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडी बहुतेक फ्रेमला पुरते. त्याहून जाड फिल्म डाऊनट्यूबच्या खालच्या अंगाला खड्यांसाठी चांगली, पण घट्ट वळणावर ती वाकायला तयार होत नाही. तुमची फ्रेम मॅट आहे, तर फिल्मही मॅटच हवी; चकचकीत लावली की तेवढाच पट्टा ओला दिसत राहतो.

पहिल्याच प्रयत्नात अख्खी फ्रेम झाकायला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. डाऊनट्यूबचा खालचा अर्धा भाग, चेनच्या बाजूचा चेनस्टे (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी), हेडट्यूबवर केबल घासते ती जागा, बॅगचा पट्टा बसतो तो टॉपट्यूबचा (वरची आडवी नळी) भाग आणि बूट घासणारे क्रँक (पेडलचे दांडे) एवढं झाकलं तरी रोजचे बहुतेक ओरखडे टळतात. चेनस्टेवर चेन जोरात आपटत असेल तर तिथे फिल्मपेक्षा जाड रबरी पट्टीच बरी. सीटपोस्टचा क्लॅम्प आणि डिरेलरचा (गिअर बदलणारा भाग) पट्टा बसतो तिथे फिल्म नको, पकड बिघडते. पाणी निघून जायची भोकं आणि फ्रेमचा नंबरही मोकळा ठेवा.

आधी कागदाचा साचा करा. कागद नळीवर गुंडाळून, मास्किंग टेपनं धरून आकार काढा आणि जोडाच्या किंवा वेल्डिंगच्या रेषेपासून २-३ मिलिमीटर आत थांबा. तिथला खडबडीतपणा फिल्मला धरू देत नाही. बाटलीच्या पिंजऱ्याच्या स्क्रूंसाठी भोकं आधीच पाडा. प्रत्येक कोपरा नाण्याभोवती पेन्सिल फिरवून गोल कापा. टोकदार कोपरा पँटला, फडक्याला, कशालाही अडकून उचलला जातो. कापणं टेबलावरच उरका. फ्रेमवर ठेवून ब्लेड फिरवलं की लॅकरवर (रंगावरचा पारदर्शक थर) चीर पडते, आणि हात जड असेल तर कार्बनच्या धाग्यांपर्यंत पोचते.

आता सफाई. साबणाच्या पाण्यानं धुवा, चेनजवळचं तेल डिग्रीझरनं (तेल काढायचं द्रावण) काढा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल मायक्रोफायबर फडक्यावर घेऊन पुसा. दुकानातून आलेल्या नव्या सायकलवरही पॉलिश असू शकतं, तेव्हा हे टाळू नका. कड जिथे येणार ती रेषा नव्या फडक्यानं दोनदा पुसा. फ्रेम नुकतीच रंगवलेली असेल तर महिनाभर थांबा. वरून चिकटवलेले, लॅकरखाली नसलेले स्टिकर पुढे फिल्म काढताना तिच्यासोबत निघू शकतात, हे लक्षात ठेवा.

स्प्रेच्या दोन बाटल्या लागतील. एकीत अर्धा लिटर पाणी आणि बेबी शॅम्पूचे ४-५ थेंब. यावर फिल्म सरकते. शॅम्पू जास्त झाला तर ती नुसती सरकतच राहते. दुसरीत ४ भाग पाणी आणि १ भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल. यानं ती धरते. पंखा बंद ठेवा, ऊन नको, सायकल स्टँडवर घट्ट बसवा.

मागचा कागद सुटत नसेल तर कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना टेपचा एकेक तुकडा लावून विरुद्ध दिशांना ओढा, नखानं खरवडू नका. बोटं, फ्रेम आणि फिल्मची चिकट बाजू, तिन्ही शॅम्पूच्या पाण्यानं भिजवा. कोरड्या बोटाचा ठसा गोंदात कायमचा दिसतो. फिल्म जागेवर सरकवून घ्या, मग नळीच्या लांबीला समांतर मधोमध स्क्वीजीचा (पाणी सारायची रबरी पट्टी) एक हात मारा. त्यानंतर मधून कडेकडे, प्रत्येक हात आधीच्यावर थोडा चढवत पाणी बाहेर काढा. चुणी आली तर तिच्यावर जोर नको. तेवढा भाग उचला, भिजवा, परत बसवा.

हेडट्यूबजवळ तुमची कड बहुधा ओढल्यामुळे सुटली. तिथे नळी दोन दिशांनी वळते, फिल्म आपोआप बसत नाही, मग आपण ताणतो. ताणलेली फिल्म आक्रसून मूळ मापावर यायला बघते आणि ते कडेवर निघतं. अशा जागी दोन छोटे तुकडे लावा, मध्ये मिलिमीटरभर फट ठेवा.

मधला भाग बसला की कडेचं पाणी कागदानं टिपा आणि ५-१० मिनिटं थांबा. मग कडेखाली अल्कोहोलचं पाणी हलकं फवारा आणि फडक्यात गुंडाळलेल्या अंगठ्यानं प्रत्येक इंच अर्धा मिनिट दाबून धरा. शेवटी हेअर ड्रायर वीतभर लांब ठेवून कड कोमट करा आणि पुन्हा दाबा. कार्बनवर हीट गन नकोच. हाताची मागची बाजू टेकवता येईल इतकीच ऊब पुरते. एक दिवस सायकल चालवू नका, आठवडाभर धुऊ नका. पुढेही प्रेशर वॉशरचा झोत कडेवर धरू नका.

बुडबुड्यांचं असं: दाबल्यावर सरकणारा, दुधट दिसणारा बुडबुडा पाण्याचा असतो, तो काही दिवसांत वाळून जातो. जागेवरच राहून परत फुगतो तो हवेचा. बारीक सुई अगदी आडवी धरून फक्त फिल्मला त्याच्या कडेला टोचा आणि हवा बोटानं त्या छिद्राकडे सारा. मध्ये कडक टोक लागलं तर खाली कण आहे, तो तसाच राहणार.

तुमची सुटलेली कड आता दाबून बसणार नाही, गोंदात धूळ गेली आहे. कोमट करून आणखी सेंटिमीटरभर उचला, मळलेली पट्टी कात्रीनं कापा, कोपरा गोल करा, खालची फ्रेम अल्कोहोलनं पुसा आणि वरच्यासारखीच कड दाबा. धूळ त्याहून आत गेली असेल तर तुकडा बदला: गरम करत, फिल्म जवळजवळ फ्रेमला टेकलेली ठेवून, मागच्या दिशेनं सावकाश ओढा. सरळ वर खेचली तर रंग किंवा स्टिकर उचलला जायचा धोका असतो.